दोनशे भाज्या, चार पातेली: पंजाबी हॉटेलचं मेनूकार्ड वाचायचं कसं

जळगाव असो, धुळे असो की नंदुरबार. बायपासवरच्या कुठल्याही फॅमिली रेस्टॉरंटमध्ये बसलं की आधी हातात येतं ते प्लास्टिकच्या कव्हरातलं जाडजूड मेनूकार्ड. त्यात नुसती पनीरचीच पंचवीस-तीस नावं. काजूची वेगळी, कोफ्त्यांची वेगळी, 'स्पेशल' वेगळी. पाच माणसांचं कुटुंब दहा मिनिटं ते कार्ड एकमेकांकडे फिरवतं आणि शेवटी कुणीतरी कंटाळून सांगून टाकतं, "भाऊ, एक पनीर बटर मसाला, एक काजू करी आणि एक मलई कोफ्ता." थोड्या वेळात तिन्ही भाज्या येतात, तिन्ही गोडसर लागतात, आणि घरी जाताना गाडीत निकाल लागतो: या हॉटेलात काही दम नाही.

दम नसेलही. पण बऱ्याचदा घोळ ऑर्डर देतानाच झालेला असतो. त्या तिन्ही भाज्या एकाच पातेल्यातून, फार तर शेजारशेजारच्या दोन पातेल्यांतून निघालेल्या असतात. आत काम कसं चालतं हे एकदा कळलं की तेच मेनूकार्ड बरंच छोटं वाटायला लागतं.

भटारखान्यात सकाळी

दोनशे भाज्या दोनशे प्रकारे कुणी करत नाही, करूही शकत नाही. कांदा बारीक चिरायचा, तांबूस होईपर्यंत परतायचा, टोमॅटो घालून तेल सुटेपर्यंत थांबायचं, यात घरी पाऊण तास सहज जातो. हॉटेलातलं गिऱ्हाईक पाऊण तास थांबत नाही. म्हणून वेळखाऊ काम सकाळीच उरकून ठेवतात. मोठ्या पातेल्यांत तीन-चार ग्रेव्ह्या शिजतात आणि संध्याकाळी ऑर्डर आली की फक्त शेवटचा हात फिरवायचा उरतो. शिंप्याने कापड आधीच बेतून ठेवावं आणि गिऱ्हाईक समोर बसल्यावर टाके घालावेत, तसलाच प्रकार.

यातली पहिली लाल ग्रेव्ही, जिला मखनीही म्हणतात. टोमॅटो, काजू, आलं-लसूण, खडा मसाला एकत्र शिजवून वाटायचं आणि गाळून घ्यायचं. गाळल्यामुळे ती गुळगुळीत होते. टोमॅटोचा आंबटपणा मारायला थोडी साखर किंवा मध, वरून लोणी आणि क्रीम. रंगासाठी काश्मिरी मिरची. ही मिरची रंग भरपूर देते, तिखटपणा मात्र जेमतेम. आपल्याकडे लाल रंग म्हणजे तर्री आणि तर्री म्हणजे झणका, अशी डोळ्यांना सवय झालेली असते. म्हणून लालभडक पनीर बटर मसाल्याचा पहिला घास घेतला की खान्देशी माणूस हमखास बुचकळ्यात पडतो.

दुसरी पांढरी. उकडलेला कांदा, काजू आणि मगज, म्हणजे टरबूज-खरबुजाच्या सोललेल्या बिया. हिच्यात हळद नाही, तिखट नाही, कांद्यालाही रंग येऊ द्यायचा नाही. वेलदोडा, क्रीम, कधी खवा. मलई कोफ्ता, शाही पनीर, नवरतन कोर्मा ही सगळी मंडळी इथूनच निघतात. हिला दाटपणा येतो तो काजूतल्या स्टार्च आणि स्निग्धांशामुळे; मैदा किंवा कॉर्नफ्लोअर घालून दाट केलेली असेल तर ती जिभेवर चिकट लागते आणि गार झाली की थिजून गोळा होते. मगज काजूपेक्षा स्वस्त, त्यामुळे पातेल्यात कुणाचं प्रमाण किती हे हॉटेलच्या दरावरून ओळखावं.

तिसरी तपकिरी, कांदा-टोमॅटोची. भटारखान्याचा खरा भार हीच वाहते, आणि आचाऱ्याचा हात कसा आहे हेही इथेच कळतं. कांद्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असतं. जोवर ते पाणी आहे तोवर कढईतल्या मसाल्याचं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसं पुढे जात नाही. कांद्याला तांबूस रंग आणि खमंग वास यायला त्याहून बराच जास्त ताप लागतो. म्हणजे आधी पाणी उडायला हवं. ते उडालं की इतका वेळ मसाल्यात मिसळून राहिलेलं तेल वेगळं होऊन कडेला येतं. आपण ज्याला 'तेल सुटलं' म्हणतो ती म्हणजे पाणी संपल्याची खूण. घाईच्या माणसाने अर्धवट परतलेल्या कांद्यावर वरून तेल ओतलं तरी ताटात तेल दिसतंच. पण मागून कच्च्या कांद्याची उग्र चव येते आणि रात्रभर ढेकर.

चौथी हिरवी, पालकाची. पालक उकळत्या पाण्यातून काढून लगेच गार पाण्यात टाकायचा आणि वाटायचा, म्हणजे रंग टिकतो. पालक पनीर काळपट आलं तर हा पालक बराच वेळ शिजत पडला होता असं समजावं. या ग्रेव्हीबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

नावं वेगळी पडतात ती कशी

वेटरने ऑर्डरची चिठ्ठी, म्हणजे केओटी, आत दिली की कढई चढते. बटर किंवा तेल, जिरं, ठेचलेलं आलं-लसूण, मग ठरलेल्या पातेल्यातून एक-दोन पळ्या ग्रेव्ही, मग पनीर किंवा भाज्या, शेवटी चुरडलेली कसुरी मेथी. मोठ्या आचेवर पाच-सात मिनिटांचं काम. कसुरी मेथीला हे नाव आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबातल्या कसूर गावावरून मिळालं. पंजाबी हॉटेलात शिरताच जो वास येतो त्यात निम्मा वाटा तिचा असतो.

या पाच-सात मिनिटांत काय घातलं, त्यावर नाव ठरतं. सिमला मिरची आणि कांद्याचे मोठे चौकोनी तुकडे, भाजून जाडसर कुटलेले धणे आणि सुकी मिरची पडली की ते कडई पनीर. कांदा एकदा ग्रेव्हीत आणि पुन्हा जाड फोडींच्या रूपात पडला की दो प्याजा. पनीर आधी दही-मसाल्यात मुरवून तंदूरमध्ये भाजलं असेल तर टिक्का मसाला. तापलेल्या कोळशावर तूप सोडून तो धूर भाजीत कोंडला की अंगारा. हंडीत वाढलं की हंडी. तिखट वाढवून वर सुक्या मिरच्या ठेवल्या की व्हेज कोल्हापुरी. कोल्हापुरात घरोघरी अशी भाजी होते असा कुणाचा समज असेल तर तो त्याने खुशाल जपावा. नंदुरबार-नवापूरकडे गेलात तर सुरतेच्या हॉटेलांची छाप दिसते. पनीर तुफानी, काजू-गाठिया ही नावं कार्डावर दिसायला लागतात. नवापूरचं रेल्वे स्टेशनच निम्मं महाराष्ट्रात आणि निम्मं गुजरातेत, तर मेनूकार्ड तरी एका राज्यात कसं राहणार?

तर ऑर्डर देण्याचं सूत्र अगदी साधं आहे: दोन भाज्या मागवायच्या असतील तर त्या दोन वेगळ्या पातेल्यांतल्या घ्या. मखनी घेतली तर सोबतची भाजी तपकिरी ग्रेव्हीतली किंवा सरळ सुकी घ्या. जिरा आलू, भेंडी मसाला, तवा भाजी, पनीर भुर्जी, यांपैकी काहीही चालेल. मुलांसाठी पांढऱ्या ग्रेव्हीतली घेतली असेल तर मोठ्यांसाठी कडई घ्या. पनीर बटर मसाला आणि पनीर मखनवाला अशा दोन भाज्या मागवणं म्हणजे एकाच भाजीचे दोनदा पैसे देणं. वेटरला विचारायला लाजायचं कारण नाही: "या दोघींची ग्रेव्ही एकच आहे का?" चांगल्या हॉटेलातला कॅप्टन खरं सांगतो, कारण नाराज गिऱ्हाईक परत येत नाही हे त्याला माहीत असतं.

हे सगळं आलं कुठून

ज्याला आपण 'पंजाबी' म्हणतो ते पंजाबातल्या घरांतलं रोजचं जेवण नव्हे. तिकडच्या खेड्यांत रोजचं म्हणजे मक्याची किंवा गव्हाची रोटी, सरसोंचं साग, डाळी, लस्सी. आपल्या कार्डावरचं जेवण हॉटेलात जन्मलं. १९४७ च्या फाळणीत पेशावरहून दिल्लीला आलेल्या निर्वासितांनी दर्यागंजमध्ये 'मोती महल' सुरू केलं. कुंदनलाल गुजराल आणि कुंदनलाल जग्गी ही त्यातली दोन नावं. तंदुरी चिकन आणि बटर चिकन देशभर पोचलं ते याच दुकानाच्या नावावर. बटर चिकन या दोघांपैकी नेमकं कुणाचं, यावरून त्यांच्या वारसांचं भांडण २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात पोचलं. लोणी-टोमॅटोच्या एका ग्रेव्हीवरून कोर्टकचेरी व्हावी, यावरूनच तिच्यात किती पैसा आहे ते कळतं.

खान्देशात ती ग्रेव्ही पोचायला रस्ते तयारच होते. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, आणि भुसावळ हे मध्य रेल्वेचं मोठं जंक्शन. ट्रकवाल्यांसाठी ढाबे, ढाब्यांत तंदूर, आणि हळूहळू ढाब्याशेजारी काचा लावलेला 'फॅमिली' हॉल.

पण ती आली तेव्हा इथलं पातेलं रिकामं नव्हतं. म्हणून खान्देशातल्या बहुतेक पंजाबी हॉटेलांत एक पाचवी, काळी ग्रेव्ही असते. कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईपर्यंत भाजायचं, लसूण-आलं-कोथिंबिरीसोबत वाटायचं, आणि काळ्या मसाल्यात तेल सुटेपर्यंत परतायचं. पंजाबी ग्रेव्हीला दाटपणा काजू-टोमॅटोचा, आपल्या रश्शाला भाजलेल्या खोबऱ्याचा. त्या पातेल्यातून शेवभाजी निघते, पाटोडीचा रस्सा निघतो, अंडाकरी निघते. शेवभाजीत शेव अगदी शेवटी, ताटात देताना पडायला हवी. आधीच घातली तर तिचा लगदा होतो. तेवढ्यासाठी "शेव वेगळी द्या" म्हणून सांगितलं तर कुणी वाईट वाटून घेत नाही.

माझं मत विचाराल तर जळगाव-धुळ्याच्या हॉटेलात चार माणसांनी एक मखनी आणि एक शेवभाजी मागवावी. दोन्ही टोकांच्या चवी, आणि दुसरी करताना आचाऱ्याचा हात जास्त सैल असतो.

एका पदार्थापासून मात्र सावध करतो: बैंगन भरता. आपल्याला भरीत म्हटलं की कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं हिरवं वांगं, बडगीत ठेचलेली हिरवी मिरची आणि लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात आणि सोबत कळण्याची भाकरी आठवते. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. कार्डावरचा बैंगन भरता म्हणजे जांभळ्या वांग्याचा गर कांदा-टोमॅटोत परतलेला. पदार्थ वाईट नाही. पण भरीत समजून मागवलात तर जेवणभर बोलणी खाल.

"तिखट करा जरा"

हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक टेबलावर ऐकू येतं. वेटर विचारतो, "मीडियम की तिखट?" आणि पूर्ण टेबल एका सुरात ओरडतं. आत काय होतं? तयार मखनीत आचारी लाल तिखटाचा चमचा टाकतो आणि हलवून देतो. मिरचीतला तिखटपणा, म्हणजे कॅप्सेसिन, पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. तेलात परतायला वेळ न मिळालेलं तिखट ग्रेव्हीत कच्चं राहतं, घशाला लागतं, चव मात्र वाढत नाही. वर क्रीम आणि साखर आहेच, त्यामुळे ती भाजी गोड-तिखट अशी मधल्यामधे अडकते.

तिखटच हवं असेल तर मुळात तिखट पातेल्यातलं मागवा: कडई, कोल्हापुरी, काळ्या मसाल्यातलं काहीही. मखनीच हवी असेल तर "वरून लसूण-हिरव्या मिरचीचा तडका द्या" असं सांगा. तो तेलात होतो, त्यामुळे खमंग लागतो.

तंदूर

रोटी, नान, कुलचा या सगळ्यांची जागा एकच: मातीचा तो उभा रांजण. खाली कोळसा किंवा गॅस, आणि भिंत तापून ३०० अंशांच्याही पुढे गेलेली. ओलसर पोळी गादीवर घेऊन भिंतीवर थापली की ओलाव्यामुळे ती चिकटते, मागून माती भाजते, समोरून निखाऱ्यांची धग लागते. आतल्या पाण्याची वाफ होऊन फुगे येतात आणि फुग्यांचे माथे करपतात. दीड-दोन मिनिटांत काम तमाम. खापरावर मांडे करणाऱ्या आपल्याकडच्या बायांना तापलेल्या मातीचं हे गणित समजावून सांगायला नको. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असताना त्या तोंडाशी उभा राहणारा माणूस काय सोसतो, हेही जळगाव-भुसावळकरांना सांगायला नको. त्या दिवसांत रोटीला पाच मिनिटं उशीर झाला तर आवाज चढवू नये.

तंदुरी रोटी कणकेची, निदान असायला हवी. बऱ्याच ठिकाणी मऊपणासाठी त्यात मैदा मिसळतात. नान मैद्याचा, त्यात दही आणि यीस्ट किंवा सोडा-बेकिंग पावडर. कुलचा त्याचाच भाऊबंद, अनेकदा सारण भरलेला. मैद्यातल्या ग्लुटेनमुळे नान ताणला जातो, गरम असताना मऊ राहतो आणि गार झाला की चामट होतो. त्याचं कारण असं: भाजताना पिठातला स्टार्च पाणी शोषून मोकळा होतो, गार होताना तो पुन्हा घट्ट बांधला जातो. अशा रोटीवर पाण्याचा हबका मारून तव्यावर पुन्हा गरम केली तर थोडा वेळ मऊ होते, मग परत आहे तशी.

म्हणून टेबलावर सुरुवातीलाच "दहा बटर रोटी" सांगायची सवय सोडावी. भाज्या आल्यावर माणशी एक सांगा, ती संपत आली की पुढची. "रिपीट करतो" एवढं म्हटलं की वेटरला कळतं. आतल्या माणसालाही सोपं जातं, एका घाण्यात ठरावीकच रोट्या निघतात.

पनीर खरं की खोटं

दूध तापवून त्यात लिंबू, व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड टाकलं की दुधातलं केसिन हे प्रथिन गोठतं आणि आपल्याबरोबर स्निग्धांश धरून ठेवतं. ते दाबून पाणी काढलं की पनीर. आम्लाने गोठल्यामुळे ते तापवलं तरी चीजसारखं वितळत नाही. म्हणून तर त्याचे तुकडे ग्रेव्हीत उकळता येतात आणि तंदूरमध्ये सळईला टांगता येतात. कायद्याप्रमाणे साध्या पनीरच्या कोरड्या भागात किमान ५० टक्के दुधाचा स्निग्धांश असायला हवा.

दुधाच्या स्निग्धांशाऐवजी पामतेलासारखं वनस्पती तेल आणि दूध पावडर वापरून बनवतात ते ॲनालॉग पनीर. ते बनवणं किंवा विकणं गुन्हा नाही. ते पनीर म्हणून विकणं हा गुन्हा. ताटात आल्यावर ओळखायचं कसं, हा प्रश्न सगळेच विचारतात. मोबाइलवर फिरणारा आयोडीनचा प्रयोग निम्माच खरा आहे. आयोडीन स्टार्चला निळं-काळं करतं. पनीरमध्ये पीठ मिसळलं असेल तर ते कळेल, वनस्पती तेल मुळीच कळणार नाही. आणि स्टार्टरमधल्या पनीर चिलीवर ते टाकलंत तर ते निळं होणारच, कारण वरचं आवरणच कॉर्नफ्लोअरचं असतं. तेवढ्यावरून हॉटेलवाल्याशी भांडायला जाऊ नका. दातांचा अंदाज त्यापेक्षा उपयोगी: खरं पनीर दाबलं की दाणेदार तुटतं आणि दुधाची चव देतं; रबरासारखं उसळणारं आणि जिभेवर तेलकट थर ठेवणारं असेल तर शंका घ्यावी. खात्री फक्त प्रयोगशाळेतच होते. शंका पक्की असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा; बिलावर हॉटेलचा १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक असतो, तो तक्रारीत लागतो.

डाळीकडे दुर्लक्ष नको

पंजाबी जेवणात सगळ्यात जास्त मेहनतीची गोष्ट म्हणजे दाल मखनी, आणि आपण ती क्वचित मागवतो. अख्खे काळे उडीद आणि थोडा राजमा रात्रभर भिजवून तासन्‌तास मंद आचेवर शिजवतात. उडदाचा चिकटपणा हळूहळू सुटतो आणि डाळ आपोआप दाट होते, काजू लागत नाही. जुन्या पद्धतीत रात्री तंदूरच्या उरलेल्या धगीवर हंडी ठेवून द्यायचे. ही ऑर्डर आल्यावर करता येणारी गोष्ट नाही, म्हणून पाण्यात उडीद वेगळे पोहताना दिसले तर ती आजची घाईची आहे असं समजा. उडीद कळण्यात दळून रोज खाणाऱ्या मुलखाला ही डाळ परकी वाटायचं कारण नाही.

दाल तडका म्हणजे तूरडाळीवर तुपाची फोडणी. तूरडाळ जळगावच्या डाळ मिलमधली असण्याची शक्यता बरीच, आणि घरच्या फौजदारी डाळीपुढे ती फिकीच वाटते. जिरा राईससोबत मात्र चालून जाते.

बिल हातात आल्यावर

आधी जीएसटी. साध्या रेस्टॉरंटमध्ये तो ५ टक्के: अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा. एसी आणि नॉन-एसी यांत करात फरक नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा तो होता, नॉन-एसीला १२ आणि एसीला १८. पण १५ नोव्हेंबर २०१७ पासून दोन्हीकडे ५ झाला. एसी हॉलचं मेनूकार्ड वेगळ्या दरांचं असू शकतं, ती हॉटेलची मर्जी. कराचा दर तोच. ज्या हॉटेलच्या खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटला १८ टक्के लागतो.

छोट्या हॉटेलांसाठी कंपोझिशन नावाची सोय आहे. वर्षाची उलाढाल दीड कोटीपर्यंत असेल तर हॉटेलवाला आपल्या खिशातून ५ टक्के भरून मोकळा होतो. त्या बदल्यात गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घ्यायचा नाही, आणि तसं बिलावर छापायचं. बिलावर 'कंपोझिशन' लिहिलंय आणि खाली जीएसटीही लावलाय, असं दिसलं तर तो कर देऊ नका. कर लावला असेल तर १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक हवाच. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. कोऱ्या चिठ्ठीवर पेनाने 'जीएसटी ५%' लिहून दिलेलं बिल हे बिल नव्हे. क्रमांक खरा की खोटा, ते जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर मोबाइलवरूनच बघता येतं.

सर्व्हिस चार्ज हा कर नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तो बिलात आपोआप लावायला मनाई केली, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई योग्य ठरवली. लावलेला दिसला तर काढायला सांगा. ऐकत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. खान्देशात हा प्रकार तसा कमीच. आपल्याकडे बडीशेपेच्या ताटलीत दहा-वीस रुपये ठेवायची रीत आहे आणि तीच बरी, ते पैसे निदान वेटरच्या हातात पडतात.

पाण्याच्या बाटलीवरून होणारी भांडणं बहुतेक वेळा गिऱ्हाईक हरतं. बसून सेवा देणाऱ्या हॉटेलने बाटलीला एमआरपीपेक्षा जास्त घेतलं तर त्याला वजनमापे कायद्याखाली पकडता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये म्हटलं आहे. बसताक्षणी वेटर बाटली उघडतो, त्याआधी "साधं पाणी आणा" म्हणावं, वाद संपला.

उरलेलं पार्सल नेणार असाल तर भाजी घ्या, रोटी नको. काजूची ग्रेव्ही फ्रिजमध्ये घट्ट होते; दुसऱ्या दिवशी गरम पाणी घालून मंद आचेवर ढवळत तापवा, मोठ्या आचेवर क्रीम फाटतं आणि तूप वेगळं होतं. भात मात्र त्याच रात्री खा किंवा लगेच फ्रिजमध्ये टाका. शिजलेल्या भातात काही जिवाणूंचे बीजाणू जिवंत राहतात आणि उबेत वाढून विष तयार करतात, ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. चोपड्याहून किंवा शिरपूरहून जेवायला आला असाल, मे महिना असेल आणि पार्सल गाडीच्या डिकीत दोन तास राहणार असेल, तर जिरा राईस हाफच मागवा.